अर्ध्या बादलीतलं कापड : जुन्या नायलॉन साड्यांचे कुर्ते शिवण्याची आमची वाटचाल

एप्रिल 2016. मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आमच्या गल्लीत मात्र टँकरपुढं घागरींची रांग आणि घरात धुण्याचा ढीग. एक दिवस सासूबाईंनी ट्रंकेतल्या जुन्या नायलॉनच्या साड्या काढल्या. म्हणाल्या, "सुती नेसून पाणी कुठनं आणायलालीस माय? ही अर्ध्या बादलीत निघती." खरंच निघाली. झटकून दोरीवर टाकली, भांडी घासून होईपर्यंत वाळलीसुद्धा.

या साड्यांवर त्या काशी करून आल्या होत्या. दोन साड्या, एक पिशवी. रात्री धर्मशाळेत धुवायची, सकाळी नेसायची, इस्त्रीची भानगडच नाही. मी तेव्हा फॉल-पिको आणि ब्लाउज शिवायची. काठ फाटलेल्या एका साडीचा लांब कुर्ता शिवून नणंदेला दिला. ती पंढरपूरहून आली ती मैत्रिणींच्या दोन ऑर्डरी घेऊनच.

माल बोहारणींकडून मिळतो. सुती साड्या वाकळेला जातात, जरीच्या जरीवाल्याला. नायलॉनला कुणी विचारत नव्हतं, म्हणून स्वस्त पडायचं. (आता त्याही भाव सांगतात. शहाण्या झाल्या.) घेताना पदराच्या आतल्या बाजूचा एक धागा पेटत्या काडीवर धरते. वितळून टोकाला कडक मणी झाला तर नायलॉन किंवा टेरिलीन (म्हणजे पॉलिएस्टर). कागदासारखा जळून राख झाली तर सुती. खिडकीशी वर्षानुवर्षं घडी पडलेली साडी घेत नाही. उन्हानं नायलॉन पिवळं पडतं, विरतं, आणि ते शिवताना कळतं.

पहिल्याच महिन्यात एका गिऱ्हाइकाच्या आईची साडी सुतीच्या आचेवर इस्त्री केली. तव्याला चिकटून हाताएवढं भोक. पैसे परत दिले, पण आईची साडी कुठून देणार?

जास्त डोकेदुखी अस्तरानं दिली. नायलॉन घाम फारसा शोषत नाही, टेरिलीन तर जवळजवळ नाहीच. मे महिन्यात अंगाला चिकटतं म्हणून पूर्ण सुती अस्तर लावलं. तर बायका म्हणाल्या, मग रात्री धुतलेलं सकाळी ओलंच राहतंय, तुमचं कापड काय कामाचं? बरोबर होतं त्यांचं. आता फक्त बगलेत आणि पाठीच्या वरच्या पट्टीला मलमल लावतो. बारीक सुई, मशीनवर दोऱ्याचं टेन्शन सैल. घट्ट ठेवलं की शिवणीला चुण्या पडतात.

आज आम्ही तिघी शिवतो. कुर्ता-पायजमा घडी न घालता गुंडाळून देतो; दोन जोड हँडबॅगेत मावतात. चारधामला निघालेल्या बायका जास्त येतात, स्वतःच्याच साड्या घेऊन.

सासूबाईंच्या बहुतेक साड्या कापून झाल्या. निळी, पांढऱ्या ठिपक्यांची, ती मात्र त्या देत नाहीत. तुळजापूरला निघायचं म्हटलं की तीच निघते.