कीबोर्डवर गिटार वाजवताना वडगावचा माग ऐकू आला

गल्लीतल्या मंडळाच्या गाण्याला गिटार पाहिजे होती आणि वाजवणारा कोण मिळेना, म्हणून मीच तोंड वर करून सांगितलं की कीबोर्डवर करून देतो, आजकाल सगळं सॅम्पलमध्ये, म्हणजे खऱ्या वाद्याच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांत, मिळतं, एका रात्रीचं काम. जुलै महिना, बाहेर आपला बेळगावचा पाऊस, लाईट येऊन जाऊन. ते एका रात्रीचं काम गणपती आठवड्यावर आले तरी चालूच होतं.

मी मूळचा पेटीवाला. वडगावात भजनाला शाळेत असल्यापासून पेटी धरतो, कॉर्ड म्हणजे तीन-चार सूर एकदम धरणं वगैरे प्रकार फार उशिरा यूट्यूबवर बघून शिकलो. घरात ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड, म्हातारा झालेला लॅपटॉप, त्यात रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर आणि गिटारीचे सॅम्पल देणाऱ्या एम्पल गिटारचं फुकट मिळणारं लाइट व्हर्जन. एकेक पट्टी दाबून बघितली तर आवाज एकदम खरा, खरा असणारच, कारण खऱ्या गिटारीची एकेक तार छेडून रेकॉर्ड केलेली असते. पण मी दोन्ही हातांनी कॉर्ड धरून वाजवायला लागलो की जत्रेतलं खेळणं. मला वाटलं फुकटातलं आहे म्हणून असेल, पैसे भरून मोठी लायब्ररी घ्यावी काय असा विचारही करून झाला.

क्याम्पात माझा एक दोस्त राहतो, चर्चमध्ये गिटार वाजवतो. त्याला ऐकवलं. दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाला, "हे कोण वाजवूलालाय गा? किती हात हाईत त्याला?"

मला काय कळेना. मग त्यानं गिटार घेऊन जी कॉर्ड धरली आणि एकेक तार सुटी वाजवून दाखवली, खालून जी, बी, डी, जी, बी आणि शेवटी सगळ्यात वर परत जी. मी मोबाईलवर लिहून घेतलं आणि घरी येऊन कीबोर्डवर शोधत बसलो, तर त्या वरच्या बी आणि जी मध्ये एवढी मोठी उडी की माझ्या हातानं ती कधी मारलीच नसती. पेटीवाल्याचा हात काय करतो, जी बी डी शेजारी शेजारी धरतो, डाव्या हातानं खाली तेच परत धरतो, झालं. मग ई कॉर्ड बघितली, सहा तारांत ई तीनदा, बी दोनदा आणि जी शार्प फक्त एकदा. मी तो जी शार्प तीन ठिकाणी दाबत होतो. तिथंच निम्मा आजार कळला की राव.

मग मी वहीत सहा रेघा मारल्या. खालून ई ए डी जी बी ई. एका तारेवर एका वेळी एकच सूर, हा नियम ऐकायला सोपा आहे पण माझ्या अख्ख्या ट्रॅकमध्ये बघितलं तर दर दुसऱ्या मात्रेला मोडलेला. सी कॉर्डला तर सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार वाजवतच नाहीत, पाचवीपासून वर पाचच सूर. डी कॉर्डला चार. मी सगळीकडं सात-आठ सूर कोंबलेले. काढत काढत गेलो तसा आवाज मोठा व्हायला लागला, हे अजून मला नीट समजावून सांगता येत नाही पण कानाला तसंच लागलं.

पुढची भानगड स्ट्रमिंगची, म्हणजे सगळ्या तारांवरून हात फिरवण्याची. हात खाली येतो तेव्हा जाड तार आधी वाजते, पातळ तार शेवटी, मध्ये थोडा थोडा वेळ जातो. मी हुशारी करून प्रत्येक सुरात बरोबर २० मिलिसेकंदाचं अंतर टाकलं आणि अख्ख्या गाण्याला तेच लावून टाकलं, तर संतूर झालं. आता मी जोराच्या फटक्याला सात-आठच ठेवतो, निवांत फटक्याला पंधरापर्यंत जाऊ देतो आणि दोन फटके सारखे ठेवत नाही. हात वर जाताना उलटं, पातळ तार आधी, आणि सगळ्या तारा नाहीतच, वरच्या तीन नाहीतर चार, त्याही हलक्या. व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली त्याचा आकडा, १२७ पर्यंत असते म्हणून मी सगळीकडं ११०-१२० ठोकत होतो. त्या लेव्हलला पिकनं, म्हणजे तार छेडायच्या चकतीनं, तार ओढून मारल्यासारखं सॅम्पल लागतं, गाणारा बाजूलाच राहतो. ७०-८० मध्ये ठेवून फक्त पहिल्या मात्रेच्या खालच्या दोन तारा वर काढल्या, मग गाणं चालायला लागलं.

आणि माग. गाण्यात मध्ये एक तुकडा आहे, एकच सूर टकटकटकटक आठ वेळा. तो वाजवला तर शेजारच्या गल्लीतला यंत्रमाग सुरू झाल्यासारखं, आई आतून विचारते काय करूलालैस. कारण काय, दर वेळी तेच एक रेकॉर्डिंग वाजतंय, हुबेहूब. चांगल्या लायब्ररीत एकाच सुराची चार-पाच रेकॉर्डिंग आळीपाळीनं वाजवायची सोय असते, राउंड रॉबिन म्हणतात, ती चालू आहे की नाही मी बघितलंच नव्हतं. ती चालू केली, शिवाय एक फटका खाली एक वर अशी व्हेलॉसिटी कमीजास्त केली, मग माग बंद.

पट्टी सोडली तरी सूर लांबवणाऱ्या सस्टेन पेडलबद्दल तर न बोललेलं बरं. पेटीला पेडल नसतं म्हणून मला त्याची नवलाई, पाय खालीच. गिटारीवर कॉर्ड बदलताना डावा हात उचलतो तेव्हा तारा क्षणभर सुटतात नाहीतर गप्प होतात, दोस्त तर बदलायच्या आधीच्या अर्ध्या मात्रेला मोकळ्याच तारांवर हात मारून जातो आणि कोणाला कळत पण नाही. मी पेडल काढून कपाटावर ठेवलं आणि तो मोकळ्या तारांचा अर्धा फटका दोन-तीन ठिकाणी टाकला. त्या एवढ्याशा गोष्टीनं जेवढा फरक पडला तेवढा कुठल्या इफेक्टनं पडला नाही. बोट सरकल्याचा चर्रर्र आवाज मात्र मी आधी दर कॉर्डला टाकला होता, उंदीर शिरलाय वाटत होतं. तो फक्त वेटोळं असलेल्या जाड तारांवर, लांब सरकताना येतो, अख्ख्या गाण्यात दोनदा ठेवला.

बेंडला, म्हणजे तार ओढून सूर चढवण्याला, मात्र मी हट्टानं दोन दिवस घातले. पेटीवर मींड निघत नाही, १९४० मध्ये रेडिओवर पेटीला बंदी घातली त्यामागं हेही एक कारण होतं, आणि आम्ही पेटीवाले ते दुःख आयुष्यभर घेऊन फिरतो. त्यामुळं कीबोर्डचं पिच व्हील, म्हणजे सूर वर-खाली सरकवायचं चाक, हाताला लागल्यावर मी वर-खाली, वर-खाली, नुसता सुटलो. दोस्त म्हणाला, तार ओढली की सूर चढतो, सोडली की जागेवर येतो, जागेच्या खाली कसा जाईल? खरंच की. शिवाय दोन सूर धरून व्हील फिरवलं तर दोन्ही चढतात, गिटारवाला एकच तार ओढतो. म्हणून बेंडचा सूर वेगळ्या ट्रॅकवर घेतला.

(एक रडगाणं. आवाजाचा प्रकार बदलायच्या पट्ट्या अगदी डावीकडं असतात, ६१ पट्ट्यांत मावत नाहीत म्हणून ऑक्टेव्हचं बटण दाबून खाली जावं लागतं. एक अंतरा पूर्ण वाजवून झाल्यावर कळलं की पाम म्यूट (तळव्यानं तारा दाबून काढलेला आवाज) दाबला गेलाय आणि सगळं धप धप धप. रात्रीचे दीड वाजलेले.)

शेवटी गणपतीच्या आधीच्या गुरुवारी टिळकवाडीत चहाच्या गाड्यावर त्याला परत ऐकवलं. एक इअरफोन त्याच्या कानात, एक माझ्या. तो काही बोलेना, पण डाव्या हाताची बोटं उजव्या हाताच्या मनगटावर ठेवून गाण्याबरोबर कॉर्ड धरत होता, सी, जी, ए मायनर, बोटं बरोबर पडत होती आणि मी चहा हातात धरून नुसता ती बोटं बघत होतो. दुसऱ्या अंतऱ्यात त्याची बोटं थांबली. परत मागं घेऊन ऐकलं, परत तिथंच थांबली.

"खाली एफ हाय न्हवं, दांडीच्या टोकाला, पहिल्या फ्रेटवर? मग वरचा सी आठव्यावर कसा धरला?" करंगळी ताणून दाखवली त्यानं, निम्म्यापर्यंत पण जाईना.

चहाचे पैसे मी दिले. घरी आलो, लॅपटॉप उघडला आणि तो सी काढून टाकला.