एका रिफ्लेक्शनच्या सहीसाठी तीन आठवडे

मेडिसिनच्या वॉर्डातली शिकाऊ पोस्टिंग, पेशंटची हिस्ट्री घेणं, केस प्रेझेंट करणं, सगळं वेळेत झालं. अडकलं ते लॉगबुकातल्या, म्हणजे आमच्या कामाच्या नोंदवहीतल्या, एका रिफ्लेक्शनवर (एखाद्या अनुभवातून काय शिकलो ते लिहायचं टिपण) आणि तो विषय निघाला की अजूनही डोकं तापतं.

राउंडला आमच्या सरांनी बेडच्या पायथ्याशी उभं राहून आम्हाला पेशंटचा बायोप्सी रिपोर्ट सांगितला. कॅन्सर हा शब्द त्याच्या कानावर पहिल्यांदा तिथेच पडला. चादर मुठीत धरून तो आमच्या तोंडाकडे बघत राहिला आणि आम्ही सगळे पुढच्या बेडकडे सरकलो, मीसुद्धा. रात्री तेच लिहून काढलं. आता तपासणार कोण, तर तेच सर! पहिल्यांदा शेरा आला, 'शिकण्याचा मुद्दा स्पष्ट नाही'. दुसऱ्यांदा, 'विश्लेषण वाढवा'. तिसऱ्यांदा पानावर नुसती रेघ. मधल्या काळात सर मीटिंगमध्ये, सर सुट्टीवर, उद्या या, परवा या. मैत्रीण म्हणाली, अगं सरांकडून काय चांगलं शिकलीस ते लिही, लगेच सही मिळेल, आणि बऱ्याच जणांनी तेच केलं होतं. ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याच हातात सही असेल तर खरं लिहिणार कोण? रिफ्लेक्शन तपासायला दुसऱ्या युनिटचं माणूस हवं, हे माझं ठाम मत झालंय.

शेवटी मी तसंच केलं, दुसऱ्या युनिटच्या मॅडमना दाखवलं. त्या म्हणाल्या, "सरांचं काय चुकलं ते कळलं. तू काय केलंस?" रिफ्लेक्शन कसं लिहायचं ते सांगणाऱ्या गिब्जच्या 1988 च्या चक्रात घटना, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष, पुढची कृती अशा सहा पायऱ्या आहेत, मी दुसरीवरच थांबले होते. राउंडनंतर त्या पेशंटकडे परत जाऊन बसायला हवं होतं, ते मी केलं नाही, हे लिहिलं आणि मॅडमनी सही केली. इतकं हलकं वाटलं!

याच मॅडम वाईट बातमी सांगताना आधी पडदा ओढतात, स्टूल घेऊन बसतात आणि विचारतात, "तुम्हाला आत्तापर्यंत काय सांगितलंय?" स्पाइक्सच्या, म्हणजे वाईट बातमी कशी सांगावी त्याच्या, पायऱ्या मला पाठ होत्या, पण कळल्या त्या तिथे शेजारी उभं राहून.

आणि हो, पेशंटचं नाव, बेड नंबर लॉगबुकात अजिबात लिहू नका. लिहायचं ते त्याच रात्री लिहा, दोन दिवसांनी ती मुठीतली चादर आठवत नाही.