देव पहिला, मग आम्ही कितवे?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न नेहमीचाच: देवाला पहिलं स्थान देता, मग घरच्यांचं काय? विचारणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर एक रांग असते. पुढे देव, मागे नवरा-मुलं, त्यामागे नोकरी. मी तशी जगत नाही, आणि हे सांगून सांगून थकले आहे.

बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, प्रभू येशू परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहुदी धर्मपुढाऱ्यांना, यावरूनच धारेवर धरतो. आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं म्हणून जाहीर करायचं आणि हात झटकायचे, ही सोय त्याने चालू दिली नाही. डोंगरावरच्या प्रवचनात तर तो अर्पण वेदीपुढेच ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतो. प्रार्थनेच्या नावाखाली आजारी सासऱ्यांना टाळणाऱ्या बाईने देवाला पहिलं मानलेलं नाही, एवढं मी ठामपणे म्हणते.

पण तुमचा प्रश्न तेवढ्यावर मिटत नाही. कारण एकदा खरंच किंमत घरच्यांनी मोजली.

मी हिशेब विभागात होते. माल आलेला नव्हता आणि ‘माल मिळाला’ या शेऱ्याखाली माझी सही हवी होती. साहेबांनी कागद माझ्याकडे वळवून सरकवला. सहीच्या जागी पेन्सिलीची बारीक फुली आधीच मारलेली होती. “सगळेच करतात, मॅडम. पुढच्या आठवड्यात माल येतोच आहे.” कदाचित आलाही असता. मी पेन उघडलंसुद्धा. खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा लहानपणापासून पाठ, पण त्या क्षणी ती आठवली असं म्हणणार नाही. आठवली ती मुलीची फी आणि घराचा हप्ता. मग लख्ख जाणवलं, की या भीतीपायी मी सही केली तर माझा देव ती भीतीच. मी सही केली नाही. पुढे टोमणे, बदली, शेवटी राजीनामा.

त्या रात्री नवरा ओरडला नाही. ताट बाजूला सारून म्हणाला, “तुझा देव पहिला, मग आम्ही कितवे?” मी त्याला बायबलमधलं मत्तय 6:33 ऐकवलं: आधी देवाचं राज्य शोधा, मग बाकीचं मिळेलच. तो म्हणाला, “तू राज्य शोध. फी मी शोधतो.”

तेव्हाच्या मला ते वचन म्हणजे हमी वाटायची. आता मी त्या तेव्हाच्या मला सांगते, अगं, तिथे बोलणं अन्नवस्त्राचं चाललंय, पगाराचं नाही. ती उलट विचारते, मग मुलीची शाळा कशात मोडते? यावर मला बोलता येत नाही. बायबलमधल्या गोष्टीत, दुष्काळात सारफथ गावच्या विधवेकडे स्वतःपुरतं आणि मुलापुरतं मूठभर पीठ उरलं होतं, आणि एलीया संदेष्टा म्हणाला, आधी मला भाकर दे. पीठ सरलं नाही, हे सगळे आवर्जून सांगतात. मी तिच्या मुलाशी अडते. त्याला कुणी विचारलं होतं?

तो कागद आज समोर आला तरी मी सही करणार नाही. मात्र आधी घरात विचारायला हवं होतं का, यावर आमचं अजून जमलेलं नाही. नवरा म्हणतो, निर्णय एकटीचा, भोगणारे तिघे. मी म्हणते, विचारलं असतं आणि तू “कर सही” म्हणाला असतास, तर?