रुपयातले किती आणे दुखतंय काका?
नाइट ड्युटी होती, सर्जरी वॉर्ड. हँडओव्हर देताना संध्याकाळच्या सिस्टर म्हणाल्या, सात नंबरचे काका दुखण्याचं काहीच घेत नाहीयेत, बघ तुझं ऐकतात का.

जाऊन बघते तर काका लाकडासारखे ताठ. नाकात नळी, पोटावर वरून खालपर्यंत पट्टी, श्वास नुसता वरवरचा. खोकला आला की ओठ गच्च मिटून दाबून टाकायचे. ऑक्सिजन ९१, अंगात कणकण. ऑपरेशनला दोन दिवस झालेले. पोट उघडलंय म्हणजे दुखणारच, पण दुखेल म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग कफ साठतो, फुफ्फुसाचा तळ मिटत जातो आणि न्यूमोनियाला दार उघडं. आम्ही पेनकिलर देतो ते काय लाड म्हणून नाही देत.

विचारलं, दहापैकी किती दुखतंय? "धापैकी म्हंजी?" मग म्हटलं बरं, रुपयातले किती आणे? लगेच उत्तर. "चौदा आणे. पर सुई नगं पोरी. त्या दुखायच्या गोळीनंच तर पोट फुटलं."

आणि खोटं काय होतं त्यात! ऊसतोडीला जायचे, गुडघे ठणकायचे म्हणून कित्येक वर्षं मेडिकलमधून सुट्ट्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या, पहाटे उपाशीपोटी कोऱ्या चहाबरोबर. ती गोळी ठणका घालवते पण जठराच्या अस्तराचं रक्षणही कमी करते. अल्सर झाला, फुटला, सर्जननी पोटातलाच चरबीचा पदर ओढून भोकावर शिवला. राउंडला कोणीतरी त्यांना कारण सांगितलं, पण दुखण्याची सगळी औषधं एका जातीची नसतात हे सांगायचं राहिलं. दोन दिवस फाइलवर 'पेशंट रिफ्यूज्ड' लिहून सगळे मोकळे. मी असते तर मीही तेच लिहिलं असतं बहुतेक.

काकांच्या बायकोच्या, म्हणजे मावशींच्या पिशवीत ती स्ट्रिप अजून होती, चार गोळ्या उरलेल्या. एका हातात ती धरली, दुसऱ्या हातात पॅरासिटामॉलची १०० मिलीची बाटली. म्हटलं, ही तुमची, आणि हे लेकरांना तापात देतो ते, जातच वेगळी. मावशीच चिडल्या, "घ्या की आता, किती येळ पोरीला हुबं करताय!" रेसिडेंट डॉक्टरांना फोन लावला, बाटली १५ मिनिटांत गेली, त्यांनी सांगितलं तसं ट्रॅमाडॉल, म्हणजे जास्त जोरातलं पेनकिलर, मात्र ड्रिपमधून सावकाश, कारण ते भसकन दिलं की मळमळतं आणि ओकारीनं टाक्यांवर ताण येतो.

तासाभराने सहा आणे. मग उशी पोटावर दाबून धरायला लावली, खोका म्हटलं. तिसऱ्या खोकल्याला पिवळा घट्ट गोळा पडला. खोल श्वास ओढायच्या तीन बॉलवाल्या यंत्रात एक बॉल वर गेला, दुसरा जागेवरच नाचला, तर काका त्याच्याकडे शर्यतीच्या बैलाकडे बघावं तसं बघत होते. पहाटे ऑक्सिजन ९५, आणि मी चक्क चहा गरम असताना प्यायले.

सकाळी निघताना हाक आली. "पोरी, पोट गप झालं, आता गुडघा बोलाय लागला. घरी गेल्यावर त्याला काय घिऊ?"

पॅरासिटामॉल, तेही विचारून, आणि हाडांच्या ओपीडीला दाखवा, एवढं सांगितलं. ऊस तोडणं बंद करा म्हणायला तोंड उघडलं होतं, पण मावशींच्या हातांकडे लक्ष गेलं, कोयत्याने पडलेले घट्टे, आणि नाही बोलले.