लिंबोळी समजलो ती लिंबोळी नव्हतीच

नवीन घरात आलो तेव्हा मागे वाढलेली मोठी झाडं आयती मिळाली म्हणून मी खूष होते. पंधरा दिवसांनी दीड वर्षाच्या लेकीच्या मुठीत पिवळी गोल फळं दिसली, एक तर ओठाला लागलेलं, माझ्या पोटात गोळाच आला. तोंडात बोट घालून बघितलं, काही नव्हतं. आई म्हणाली, "अगं लिंबोळ्या असतील, एवढी घाबरतेस काय!" पण लिंबोळी लांबट असते ना, आणि ही तर गोटीसारखी गोल.

मोबाईलच्या अ‍ॅपने एकदा कडुलिंब सांगितलं, एकदा बकाणा, म्हणजे कडुलिंबासारखंच दिसणारं दुसरं झाड. नंतर कळलं चूक माझीच, मी ज्याला पान समजून फोटो काढत होते ती नुसती पर्णिका, म्हणजे पानाचा एक तुकडा. मग जिथे फांदीला जोडलंय तिथून अख्खं पान तोडून फरशीवर पसरलं आणि सगळं स्वच्छ दिसलं. कडुलिंबाला एकाच दांड्याच्या दोन्ही बाजूंनी पर्णिका असतात, इथे मधल्या दांड्यातून आडवे दांडे फुटलेले आणि पर्णिका त्यांच्यावर. फळाचा गर सोलला तर आत कडक बाठ, तिच्यावर उभ्या खाचा. फुलं तेव्हा नव्हती, असती तर अजून सोपं, बकाण्याची फिकट जांभळी, कडुलिंबाची पांढरी. म्हणजे बकाणाच, आणि त्याची फळं माणसाला विषारी, उलट्या-जुलाब होतात, जास्त पोटात गेली तर मज्जासंस्थेवरही परिणाम होतो. पक्षी ती आरामात खातात, त्यामुळे पक्षी खातात म्हणजे चालतं हा हिशोब मी कायमचा सोडला.

मग धास्तीने सगळी बागच तपासली. कुंपणाजवळची पिवळ्या फुलांची बिट्टी निघाली, म्हणजे पिवळी कण्हेर. पान अरुंद, तोडलं की पांढरा चीक, फळ हिरवं आणि कोनदार. हिचं विष थेट हृदयावर काम करतं आणि बीमध्ये ते सगळ्यात जास्त. ती त्याच आठवड्यात काढली, हातमोजे घालून, एकही बी मागे ठेवली नाही.

डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं. असं काही खाल्लं तर तोंडातलं काढायचं, चूळ भरता येत असेल तर भरायला लावायची, स्वतःहून उलटी करवायची नाही, आणि लक्षणं दिसायची वाट न बघता फळ नि पानासकट दवाखाना गाठायचा.

बकाण्यासाठी मात्र जीव तुटत होता माझा, सावली इतकी छान. पण पानं गळून गेली तरी फळांचे झुपके कितीतरी दिवस लटकत राहतात आणि रोज दोन-चार खाली पडतात, कितीही वेचली तरी एखादं राहतंच. शेवटी तोडायचं ठरवलं. तोवर त्या बाजूला जाळी लावलीय आणि लेक एकटी मागे जात नाही.