वावर तर नाही ना जाणार?

आर्णी तालुक्यात विमा विकणाऱ्याचं वर्ष कापसावर चालतं. कापूस विकला की दुचाकीचा थर्ड पार्टी निघतो, मग गाईचा, मग जमलंच तर आरोग्याचा. जूनमध्ये लोक बियाण्याच्या दुकानाकडे जाताना माझ्या दारासमोरून मान वळवून जातात. उरलेला वेळ पीकविम्यावरच्या शिव्या ऐकण्यात जातो. तो मी विकतही नाही. 2023 च्या खरिपात एक रुपयात विमा आला, 2025 ला ती सोय गेली. पण '72 तासांत कळवलं नाही म्हणून कटलं' हे गाऱ्हाणं अजून माझ्याच टेबलावर येतं.

त्यामुळे फेब्रुवारीत बाजाराच्या दिवशी एक काका-काकू जर्मनीचा कागद घेऊन आले, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. पोरगा एप्रिलच्या सत्राला निघालेला. वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो तिकडच्या ब्लॉक्ड खात्यात, म्हणजे दरमहा ठरलेलेच पैसे निघतात त्या खात्यात, भरून झालेले, कर्जावर काकांची सही. आणि आता घरमालकाची मेल: खोली हवी तर प्रिव्हाटहाफ्टफ्लिश्टचा कागद दाखवा. म्हणजे तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा विमा. आरोग्य विम्याशिवाय तिथे प्रवेश मिळत नाही. हा मात्र कायद्याने सक्तीचा नाही, तरी घरमालक विचारतात.

नागपूरच्या सल्लागाराने सांगून ठेवलं होतं, 'आमच्या पॅकेजमध्ये सगळं आहे.' हे लोक पोराला व्हिसाच्या मुलाखतीत काय बोलायचं ते घोकून घेतात, पण स्वतः विकलेली पॉलिसी उघडत नाहीत. पॅकेज म्हणजे आपल्याकडचीच विद्यार्थी प्रवास पॉलिसी.

मी अशी पीडीएफ शेवटाकडून वाचतो, आधी काय मिळणार नाही ते. वैयक्तिक दायित्वाचं कलम होतं, एक लाख डॉलरचं. पण वगळलेल्या गोष्टींत ओळ होती: विमाधारकाच्या ताब्यात किंवा राखणीत असलेल्या मालमत्तेचं नुकसान. आता शिकायला गेलेल्या पोराच्या हातून बिघडणार काय? खोलीतलं बेसिन, फरशी, नाहीतर किल्ली. सगळं त्याच्याच ताब्यातलं!

किल्लीचं तर काकांना खरंच वाटेना. तिकडे बऱ्याच इमारतींत सगळी कुलपं एकाच साखळीतली असतात. एक किल्ली बाहेरचं दारही उघडते आणि खोलीही. ती हरवली तर अख्ख्या इमारतीची कुलपं बदलण्याचा खर्च भाडेकरूवर येऊ शकतो, हजारो युरो. 2014 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एवढं ठरवून दिलं की कुलपं खरोखर बदलली तरच ते पैसे मागता येतात. म्हणून तिकडची पॉलिसी घेताना भाड्याच्या घराचं नुकसान आणि किल्ली हरवणं, हे दोन्ही शब्द तिच्यात आहेत की नाहीत हे आधी बघायचं, हप्ता नंतर. मित्राचं सामान हलवताना काही फुटलं तर, तेही. रक्कम किमान एक कोटी युरो. ती ऐकून काका हसले. पण तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम 823 प्रमाणे निष्काळजीपणाच्या भरपाईला वरची मर्यादा नाही. सायकलने कुणाला धडक दिली आणि तो माणूस जन्माचा अधू झाला, तर दवाखाना, बुडालेला पगार, सगळं आलं. एवढ्या संरक्षणाचा हप्ता वर्षाला पन्नास-साठ युरोच्या आसपास. त्यात माझं कमिशन शून्य.

काकू तोवर गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अन् इमा नाई काढला, तं वावर तर नाही ना जाणार?"

पॉलिसी विकायची तर इथे 'जाऊ शकते' म्हणायचं असतं. आमच्या धंद्यात ते सर्रास चालतं. मी म्हटलं, "नाही काकू. पोरगा सज्ञान आहे, भरपाई त्याच्या नावावर. त्यात जर्मनीच्या कोर्टाचा हुकूम इथे थेट चालत नाही, नवा दावा लावावा लागतो. पण तो तिथेच नोकरी करणार ना? निकाल लागला की 30 वर्षं वसुली होऊ शकते, पगारातून."

"मंग कायले घाबरवता," काका म्हणाले, "वावर नाही जात तं पाहू मंग."

"पाहू काय? गेल्या साली आपली कुटाराची गंजी जळली तवा तुमी काय म्हनत होता?"

शेजाऱ्याने पराटी, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, पेटवली होती, वारं फिरलं. गंजी गेली, धुऱ्यावरचे स्प्रिंकलरचे पाइप वितळले. शेजारी म्हणाला, वाऱ्याला मी काय करू. तलाठ्याचा पंचनामा झाला, पैसा आला नाही. काका ते सांगायला लागले आणि त्यांचा चहा निवून गेला. सांगता सांगता मध्येच थांबले, फोन काढला, पोराला म्हणाले, "तो किल्लीवाला घेऊन टाक. पन्नास-साठ युरोचा."

मग माझ्याकडे वळले. "असाच एक मले काढून दे. पराटी तं मीबी जाळतो. त्याच्या बाजूले आता संत्रा हाय."

माझ्याकडे आजवर दुचाकी सोडून दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा मागायला कुणी आलेलं नव्हतं. मी शाखेत फोन लावला. साहेबांनी आधी 'शेतकऱ्याला?' असं विचारलं, मग म्हणाले, त्यापेक्षा त्यांना अपघात विमा दे, टार्गेट बाकी आहे. मी लेखी विनंती पाठवली आहे. काका दर बाजाराला दारात उभे राहून विचारतात, आणि मी शाखेकडे बोट दाखवतो.