एका डिस्कमध्ये तीन सिनेमे

आज वाशीत जुन्या डीव्हीडींचा ढीग चाळला. 'थ्री इन वन' डिस्क दिसली की जीव तुटतो. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची. तिच्यात अडीच-अडीच तासांचे तीन सिनेमे कोंबले की सेकंदाला जेमतेम १.४ मेगाबिट वाट्याला येतात. बऱ्या चित्राला चार-पाच तरी लागतात. मग पाऊस, धूर, गर्दी आली की पडद्यावर चौकोनी ठोकळे, आणि अंधारातला चेहरा नुसता काळा डाग. हे पाहून छायालेखकाला नावं ठेवणं हा सरळ अन्याय आहे.

मत बनवण्याआधी कॅमेरा आडवा फिरतो असा एक शॉट थांबवून बघा. कडांना कंगव्यासारखे दात दिसले तर इंटरलेसिंगचा, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांतून एक चित्र जुळवण्याचा, घोळ आहे. लांबीही तपासा. पॅल डिस्कवर (पॅल म्हणजे आपल्याकडची जुनी टीव्ही-पद्धत, सेकंदाला २५ फ्रेमची) सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा सहसा २५ने पळवतात, म्हणजे १५० मिनिटांचा १४४ मिनिटांत संपतो. आवाज दुरुस्त केलेला नसेल तर स्वर चढतो, गाण्यात ते लगेच कानाला खटकतं.

आणि डिस्क पुसताना मधून कडेकडे, सरळ. गोल ओरखडा सलग डेटा खातो. सरळ ओरखडा प्लेअर बहुतेकदा सावरून घेतो.